दायमाबादच्या रथाखाली काय लिहायचं? : एक खुलं पत्र

प्रति,
दायमाबादच्या तांब्याच्या शिल्पांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते सर्व :
पुरातत्त्व खात्यांचे अधिकारी, संग्रहालयांचे अभिरक्षक, इतिहासाची पाठ्यपुस्तकं करणारी मंडळी आणि आमच्या चौकाच्या सुशोभीकरण समितीचे सदस्य

विषय : शिल्पांच्या काळाबद्दलचा वाद झाकून ठेवू नये, तपासणी करावी आणि निकाल लोकांसमोर ठेवावा.

स. न. वि. वि.

मी श्रीरामपूर तालुक्यातला ओतारी. देवळाच्या घंटा, समया, देवांचे टाक, कधीमधी एखाद्या पुढाऱ्याचा अर्धपुतळा, हे आमच्या घरचं काम. आता एका चौकात दायमाबादच्या रथाची पितळी प्रतिकृती उभी राहणार आहे आणि ती ओतायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगतो. प्रवरेच्या काठावर सापडलेली वस्तू प्रवरेकाठच्याच माणसाने पुन्हा ओतावी, याहून मोठं काम आमच्या धंद्यात मिळत नाही.

अडलं ते फलकापाशी. समितीने दिलेला मजकूर असा : “दायमाबादचा रथ. हडप्पा संस्कृती. ४००० वर्षांपूर्वी.” मी सुचवलं की खाली बारीक अक्षरात एक ओळ घालू, “शिल्पाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.” समितीतल्या दोघांना ते पटलं. मग एका कार्यालयात विचारणा झाली आणि तिथून तोंडी निरोप आला की वादग्रस्त मजकूर टाळावा, लोकांना रथ खोटा वाटेल. लेखी द्या म्हटलं, तर “एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला?”

एवढीशी गोष्ट नाही, म्हणून हे पत्र चव्हाट्यावर लिहितोय.

ज्यांना ही हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दायमाबाद हे प्रवरेच्या डाव्या काठावरचं बेचिराख गाव. १९५८ साली बी. पी. बोपर्डीकरांनी ते पुरातत्त्वाच्या नकाशावर आणलं. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांड्यांनी तिथे पहिलं उत्खनन केलं. त्यानंतर पंधराएक वर्षं पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची ती जागा, शांत होती. १९७४ साली एक भिल्ल माणूस झाडाचं खोड उपटायला मुळापाशी खणत होता, तेव्हा त्याच्या हाती चार शिल्पं लागली : दोन बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. रेडा चार भरीव चाकांच्या चौथऱ्यावर उभा आहे. गेंड्याच्या पायांखाली दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांना चाकं आहेत. हत्तीची चाकं हरवली आहेत, चौथरा तेवढा उरला आहे.

रथ जवळून पाहिला नसेल तर जरूर पाहा. हाकणारा उभा आहे, अंगावर कापड नाही, हातात वाकडी काठी. बैलांच्या मागे, दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. ज्याने हा कुत्रा तिथे बसवला त्याला कोणी तसं करायला सांगितलं नसणार. आमच्याकडे दमणी, म्हणजे बैलगाडी, हाकणाऱ्यांच्या बरोबर कुत्रं चालायचं ते खालून, जूं-साट्याच्या सावलीत. याने ते वर घेतलं. ओतकाम करणाऱ्याला ठाऊक असतं की असा एक छोटा प्राणी वाढवला की मेणाचं काम (आधी मेणाचा आकार घडवायचा, त्यावर माती थापायची, मग मेण वितळवून त्या जागी धातू ओतायचा) वाढतं आणि धातू पोचायची एक वाट वाढते. तरीही त्याने ते केलं. मला या माणसाबद्दल जाणून घ्यायचंय, आणि तो कोणत्या काळात जगला ही त्यातली पहिली गोष्ट आहे.

शिल्पं सापडल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा खोदकाम हाती घेतलं. १९७४-७५ मध्ये एस. आर. राव, आणि पुढे १९७५-७६ पासून १९७८-७९ पर्यंत एस. ए. साळी. त्यातून एकावर एक पाच संस्कृतींचे थर उलगडले : सावळदा, उत्तर हडप्पा (म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा टप्पा), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. उत्तर हडप्पा थराचा काळ साधारण इ. स. पू. २२०० ते १८०० असा धरला जातो. त्या थरात हडप्पा लिपीतली अक्षरं असलेल्या मातीच्या दोन मुद्रा आणि अक्षरं कोरलेली खापरं मिळाली. म्हणजे सिंधूकाठची लिपी प्रवरेकाठापर्यंत आली होती. यावर कोणी वाद घालत नाही, आणि दायमाबादची थोरवी या एका गोष्टीवरही उभी राहू शकते.

शिल्पांचं तसं नाही. ती तज्ज्ञाच्या कुदळीखाली, मोजपट्टी आणि कॅमेऱ्यासमोर निघाली नाहीत. झाडाच्या मुळाशी, खणणाऱ्याच्या हाताने निघाली. नंतर जागा तपासली गेली आणि आजूबाजूच्या थरांवरून निष्कर्ष काढला गेला. देशपांडे, राव आणि साळी या तिघांचंही मत शिल्पं उत्तर हडप्पा काळातली आहेत असं होतं आणि म. के. ढवळीकरांनीही तीच बाजू घेतली. पण त्या मताचा पाया परिस्थितीजन्य पुरावा आहे. उलट बाजूने डी. पी. अग्रवालांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवलं : या शिल्पांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरली जात त्या काळातल्या, इतर वस्तूंत असं आर्सेनिक मिसळलेलं तांबं दिसत नाही, तेव्हा ही शिल्पं बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असू शकतात. अग्रवाल म्हणजे कोणी वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारा हौशी माणूस नव्हे. कार्बन कालमापन आणि प्राचीन धातूशास्त्र या दोन्हीत या देशात ज्यांनी पाया घातला, त्यांतलं ते नाव. शिल्पं खोटी आहेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. वय चुकतंय, एवढंच.

तज्ज्ञांचं हे भांडण आमच्या भट्टीवरून कसं दिसतं, तेही ऐका.

आर्सेनिक म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत सोमलाच्या घरचं द्रव्य. तांब्यात ते असेल आणि तांबं पुन्हा वितळवलं, तर उघड्या भट्टीत त्यातला काही भाग पांढऱ्या धुरासारखा उडून जातो. त्याला लसणासारखा वास येतो आणि तो धूर माणसाला मारतो. म्हणजे एकदा ओतलेल्या तांब्यात जेवढं आर्सेनिक असतं, तेवढं त्याच तांब्याची कुऱ्हाड मोडून पुन्हा ओतली, की राहत नाही. गावोगावच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, बांगड्या बहुधा मोड वितळवून केलेल्या असतात. आजही आमचा अर्धा माल मोडीचा असतो. मग हत्यारांत आर्सेनिक नाही आणि मोठ्या, मानाच्या, बहुधा ताज्या तांब्यात ओतलेल्या शिल्पांत आहे, एवढ्यावरून दोघांचे काळ वेगळे ठरतात का? मला शंका आहे. शिवाय हडप्पा संस्कृतीच्या काही वस्तूंत आर्सेनिक सापडलेलं आहे, हे अभ्यासकांनीच नोंदलेलं आहे. तेव्हा अग्रवालांच्या मुद्द्याला उत्तर नाही असं नाही.

पण साळींच्या बाजूनेही सगळं सुरळीत नाही, आणि हेही ओतारी म्हणून सांगतो. मोहेंजोदडोची नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची. हडप्पा संस्कृतीतल्या धातूच्या मूर्ती आणि गाड्या बहुतेक अशाच, मुठीत मावतील एवढ्या. त्यांच्याशेजारी ४५ सेंटिमीटरचा रथ आणि ३१ सेंटिमीटर उंच रेडा ठेवला की आकाराचा फरक डोळ्यांत भरतो. फरक नुसत्या आकाराचा नाही, कामाचाही आहे. मेण घालवून ओतायचं तर मेणाच्या नऊ-दहा पट धातू लागतो. साठ किलो धातूला सहा-सात किलो मेण झालं. तांबं १०८५ अंशांना वितळतं. मातीच्या लहान मुशींत ते थोडं थोडं वितळवायचं, आणि एका अंगाचं ओतकाम मध्येच थांबवता येत नाही. थांबलात की थंड सांधा राहतो आणि तिथे ते मोडतं. म्हणजे चार-सहा मुशी एकाच वेळी तयार हव्यात, भाते ओढणारे हवेत, ओतणारे हात एका हुकमात हवेत. हे एकट्याचं काम नाही. असा कारखाना प्रवरेकाठी होता, की ही शिल्पं कुठून तरी गाडीवर आली? दायमाबादलाच, पुढच्या थरात, तांबं वितळवण्याच्या भट्टीचा भाग मिळाला आहे. तो या शिल्पांशी जोडता येतो का?

आणि गेंडा! गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगातलं गेंड्याचं हाड निघालेलं आहे, हडप्पा मुद्रांवर गेंडा आहे. ज्याने हा गेंडा घडवला त्याने तो कुठे तरी पाहिला असावा, किंवा पाहिलेल्याकडून नीट ऐकला असावा. ऐतिहासिक काळातल्या कारागिराने प्रवरेकाठी चाकांवरचा गेंडा का घडवला असेल, याचं उत्तर अग्रवालांच्या बाजूने द्यायला हवं. चाकांची गोष्टही तशीच. ती आऱ्यांची नाहीत, भरीव आहेत. माझा स्वतःचा कल विचाराल तर तो साळींकडे आहे. पण माझा कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि तो पितळेत ओतून चौकात लावायचा मला अधिकार नाही. तुम्हालाही नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : वाद मिटलेला नसताना तो मिटल्यासारखं वागलं जातंय. एका मोठ्या संग्रहालयात मी गेलो होतो. काचेपाशी शाळेची मुलं होती. त्यांच्या बाई मोठ्याने वाचून दाखवत होत्या. काळाचा आकडा होता, संस्कृतीचं नाव होतं, संपलं. शिल्प कसं सापडलं, कोणाला सापडलं, काळ कशावरून ठरवला, एक अक्षर नव्हतं. एका मुलाने विचारलं, “बाई, यावर तारीख लिहिलीय का? मग कसं कळलं?” बाई हसल्या आणि पुढच्या काचेकडे गेल्या. त्यांचा काय दोष? उत्तर फलकावर असायला हवं होतं. दोन-तीन ओळींत मावतं ते. त्या मुलाच्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळालं असतं, तर पुढच्या चारही काचा त्याने वेगळ्या डोळ्यांनी पाहिल्या असत्या.

दुसरी तक्रार, या उधारीच्या खात्रीवर दुसरे मजले चढतात. २०१८ साली उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात सिनौलीला भरीव चाकांची वाहनं निघाली. ते रथ होते की बैलगाड्या, त्यांना घोडे जुंपत की बैल, यावर केवढा धुरळा उडाला ते आपण पाहिलं. त्या चर्चेत दायमाबादचा रथ साक्षीला बोलावला जातो. साक्षीदाराचंच वय नक्की नसेल, तर साक्ष ऐकणाऱ्याला ते आधी सांगायला नको? एखादा म्हणतो दायमाबादला बैल आहेत म्हणून सिनौलीलाही बैल, दुसरा म्हणतो दायमाबादला रथ म्हणून सिनौलीलाही रथ. आणि मूळ शिल्पाच्या काळाचा प्रश्न दोघांच्याही हिशेबात नाही. आर्य कोण, हडप्पावाले कोण, असल्या तापलेल्या प्रश्नांत तर ही वस्तू हवी तशी वापरली जाते. मी त्या भांडणात पडणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या ताब्यात वस्तू आहे त्यांनी तिची खरी कुंडली बाहेर ठेवावी.

तिसरी, भाषेची. उत्खननाचा सविस्तर अहवाल इंग्रजीत. अग्रवालांचा आक्षेप इंग्रजीत. ढवळीकरांचा प्रतिवाद इंग्रजीत. ज्या तालुक्यात हे सापडलं तिथल्या माणसाने काय करायचं? मी एका प्राध्यापकांना गाठून ते समजून घेतलं. सगळ्यांना प्राध्यापक कुठून भेटणार?

चौथी त्या भिल्ल माणसाची. संशोधकांच्या लेखनात त्याचं नाव आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय मी ते इथे घालत नाही. पण फलकावर, पाठ्यपुस्तकात तो बहुधा “एक शेतकरी” असतो, किंवा नसतोच. इथे कायद्याचीही एक गंमत सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीतून निघालेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायची असते, आणि सरकारने ती घ्यायची ठरवली तर धातूची जी किंमत होईल ती आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढी रक्कम द्यायची तरतूद आहे. किंमत कशाची? धातूची. तांबं असेल तर तांब्याचा भाव. चार हजार वर्षांचा भाव त्यात नाही, दोन हजारांचाही नाही. या हिशेबाने आमच्या मोडीच्या दुकानातला वजनकाटा आणि सरकारी खजिना यांत फार अंतर राहत नाही. अशा कायद्याखाली माणसं सापडलेलं मुकाट्याने आणून देतात, वितळवत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्या माणसाने दिलं नसतं तर साठ किलो तांबं एखाद्या माझ्यासारख्याच्या भट्टीत गेलं असतं, आणि आज वाद घालायलाही काही उरलं नसतं.

“वाद सांगितला तर लोकांचा विश्वास उडेल,” हा जो युक्तिवाद मला ऐकवला गेला, त्याचं उत्तर जर्मनीतून घ्या. १९९९ साली नेब्रा गावाजवळच्या मिटेलबर्ग टेकडीवर चोरून खणणाऱ्या दोघांना कांशाची एक तबकडी मिळाली. तीवर सोन्याचे सूर्य-चंद्र आणि तारे. काळ्या बाजारात ती फिरली, आणि २००२ साली पोलिसांनी सापळा रचून स्वित्झर्लंडमधल्या बासेलला जप्त केली. सापडण्याची हकीकत आपल्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण खणणारे सरळ चोर होते. तिथल्या तज्ज्ञांनी काय केलं? तबकडीला चिकटलेली माती टेकडीवरच्या मातीशी ताडून पाहिली. सोबत मिळालेल्या तलवारीच्या मुठीतल्या बर्चच्या सालीचं कार्बन कालमापन केलं. तांब्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ते ऑस्ट्रियातल्या खाणीतलं असल्याचं दाखवलं. इ. स. पू. १६०० च्या सुमाराचा काळ ठरला, युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. आणि तरीही २०२० साली दोन जर्मन पुरातत्त्वज्ञांनी जाहीर लेख लिहून म्हटलं की ही तबकडी जवळजवळ हजार वर्षांनी अलीकडची, लोहयुगातली आहे. त्यावर आधीच्या गटाने त्याच वर्षी मुद्देसूद उत्तर छापलं. कोणी कोणाला गप्प बसवलं नाही, आणि तबकडी बघायला जाणारे लोकही घरी बसले नाहीत.

उलट वाद दडपला की काय होतं याची दोन्ही टोकं आपल्या डोळ्यांपुढे आहेत. इंग्लंडमधली पिल्टडाऊनची कवटी १९१२ साली आदिमानवाची म्हणून जाहीर झाली, ती साहेबी अभिमानाला गोड वाटली, आणि बनावट असल्याचं सिद्ध व्हायला १९५३ उजाडावं लागलं. स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेतली चित्रं १८७९ साली पुढे आली, ती मोठ्या पंडितांनी थट्टेवारी नेली. १९०२ साली त्यांच्यातल्याच एकाने जाहीरपणे चूक कबूल केली, पण ती चित्रं जगापुढे आणणारा माणूस तोवर मरून चौदा वर्षं झाली होती. दायमाबादबाबत दोन्ही शक्यता उघड्या ठेवून काम करायला आज जी साधनं आहेत, ती १९७४ साली नव्हती.

म्हणून मागण्या. आम्ही रथ मागत नाही, देवळं मागत नाही, स्मारकाचे कोटीही मागत नाही.

चारही शिल्पं आज मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत आहेत. ती एकदा, एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने, एकत्र तपासा. वरवरच्या क्ष-किरणांच्या मोजणीवर थांबू नका. ओतकामात आर्सेनिक पृष्ठभागाकडे गोळा होतं, आणि गंजाच्या थरातही प्रमाण बदलतं. वरून मोजलं तर आकडा फसवू शकतो. नजरेस येणार नाही अशा जागेवरून केसाएवढा नमुना घ्यावा लागला तर घ्या, तेवढ्याने हत्ती मरत नाही. शिशाच्या समस्थानिकांवरून तांबं कोणत्या खाणीचं ते पाहा, राजस्थानातल्या खेत्रीच्या तांब्याशी ताडून पाहा, आणि मुख्य म्हणजे दायमाबादच्याच थरांतून, नोंदीसकट निघालेल्या तांब्याच्या वस्तूंशी ताडून पाहा. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिल्पाचं तांबं आणि त्याच पांढरीतल्या कुऱ्हाडीचं तांबं एका खाणीचं निघालं तर साळींची बाजू भक्कम होते. नाही निघालं तर अग्रवालांचा प्रश्न आणखी जड होतो. चाकांच्या खाचांत, बैलांच्या पोटाखाली कुठे जुनी माती अडकलेली असेल तर ती धुऊन टाकू नका, तपासा. एखाद्या अंगात ओतकामाचा मातीचा गाभा राहिला असेल, तर त्या भाजलेल्या मातीवरून काळ काढता येतो.

तपासणीला दोन-तीन ओतारी बोलवा. हे मी गमतीने म्हणत नाही. धातू कुठून आत घेतला, हवा कुठून काढली, कुत्रा दांडीबरोबर एकसंध ओतला की नंतर जोडला, कानस कुठे फिरली, हे आम्हाला बोट फिरवून कळतं. आणि चारही शिल्पं एकाच हातची आहेत का, याबद्दल आमचं मत प्रयोगशाळेच्या आकड्यांशेजारी ठेवायला काय हरकत आहे? बंगाल-ओडिशा-छत्तीसगडचे ढोकरा काम, म्हणजे मेण घालवून ओतकाम, करणारे कारागीर आहेत, तमिळनाडूत स्वामीमलईचे स्थपती आहेत. माझंच नाव घाला असा आग्रह नाही.

जे आकडे निघतील ते सगळेच्या सगळे छापा, नुसता निष्कर्ष नको. मराठीत छापा, फुकट वाचायला ठेवा. आधीच्या तपासण्या, शिल्पं ताब्यात घेतानाचा पंचनामा, पत्रव्यवहार, छायाचित्रं, जे जे दप्तरात असेल ते बाहेर काढा. दायमाबाद आणि आसपासच्या गावांत त्या दिवसांची आठवण असलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. ती आहेत तोवर कोणी तरी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. शिल्पं किती खोल होती, एकमेकांना लागून होती की विखुरलेली, सोबत खापर-राख काही होतं का, हे प्रश्न प्रयोगशाळेला सुटणारे नाहीत.

फलक बदला. संग्रहालयांत आणि पुस्तकांत “बहुतेक उत्खननकर्त्यांच्या मते उत्तर हडप्पा काळ, धातूच्या पृथक्करणावरून याला आक्षेप घेतला गेला आहे” एवढं लिहा, आणि सापडण्याची हकीकत सापडणाऱ्याच्या नावानिशी द्या, त्याच्या घरच्यांना विचारून.

समितीच्या सदस्यांना वेगळं सांगतो. तुमचा माझा रोजचा संबंध आहे, राग मानू नका. रथ मी वेळेत देईन, बैलांच्या शिंगांपासून कुत्र्याच्या शेपटीपर्यंत जमेल तेवढा हुबेहूब देईन. फलक मात्र त्या एका ओळीशिवाय माझ्या भट्टीतून निघणार नाही. दुसऱ्याकडून करून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, त्याचे पैसे माझ्या बिलातून कापा.

आणि त्या कार्यालयाला, जिथून तोंडी निरोप आला : कोणत्या नियमाने ही ओळ नको, ते लेखी कळवा. नियम असेल तर मी तो वाचीन आणि त्यावर पुन्हा लिहीन. उत्तर मला खासगीत नको, वर्तमानपत्रातून किंवा तुमच्या सूचनाफलकावर, सगळ्यांना वाचता येईल असं द्या.

कळावे,

आपला,
एक ओतारी,
तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर